मिशन म्हणजे पत्ता की काम?

आपल्या वऱ्हाडात ‘मिशन’ हा शब्द लहान पोरालाही ठाऊक आहे. त्याला अर्थ विचारा, तर तो तुम्हाला पत्ता सांगेल. मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना, मिशनचं आवार. जुने कडुनिंब, कवेलूची बैठी इमारत, एक घंटा आणि रविवारी सकाळी पेटीच्या सुरात म्हटलेली गाणी. त्या भिंतीच्या बाहेर ‘मिशन’ शोधायला कुणी जात नाही. अलीकडे सरकारनंही हा शब्द उचलला. जलजीवन मिशन, मिशन वात्सल्य. ग्रामसेवकाच्या टेबलावरच्या फायली चाळल्या तर हा शब्द जागोजाग सापडतो. तिथं मात्र मिशन म्हणजे अंगावर घेतलेलं आणि पुरं करायचं काम.

एकच शब्द, एका ठिकाणी पत्ता आणि दुसऱ्या ठिकाणी काम. आज जे लिहायचं आहे ते या दोहोंमधल्या अंतराबद्दल.

तुम्ही म्हणाल, “आमाले काय करा लागते त्याचं? आमच्या गावात ख्रिस्ती घरं असून असून दोन.” बरोबर आहे. सबंध महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोक शंभरात एकसुद्धा भरले नाहीत, आणि त्यातले बरेचसे मुंबई-वसईकडचे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत तर त्यांची चर्चं म्हणजे वीस-पंचवीस घरांचा कारभार. पण तुमच्या गावचं भजनी मंडळ असो, वाचनालय असो की सेवा सहकारी सोसायटी, लहान संस्थेवर संकट आलं की तिचं काय होतं, ती काय धरते आणि काय सोडते, हे पाहायला त्या वीस-पंचवीस घरांसारखी दुसरी जागा नाही. कारण आपल्याकडचं हे चर्च संकटातच वाढलं आणि दर पिढीला एकेक संकट पाहत आलं.

आधी अगदी ताजं संकट घेऊ. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला आणि देऊळ, मशीद, विहार, चर्च सगळ्यांना कुलपं लागली. त्या वर्षी १० एप्रिलला उत्तम शुक्रवार आणि १२ एप्रिलला ईस्टर होता. म्हणजे ख्रिस्ती माणसाच्या वर्षातला सर्वांत मोठा आठवडा बंद दाराआड गेला. राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. नाताळ कसाबसा मोजक्या माणसांत पार पडला. तोच फेब्रुवारी २०२१ मध्ये रुग्ण पुन्हा वाढले आणि दुसऱ्या लाटेचा पहिला तडाखा आपल्यालाच बसला. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत टाळेबंदी लागली, अकोल्यातही निर्बंध कडक झाले. त्यात दुसरा ईस्टरही गेला. एप्रिलमध्ये राज्यभर पुन्हा कुलपं पडली, ती निघाली ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी.

मोठ्या संस्थानांकडे अशा वेळी काहीतरी गाठीशी असतं. शेगावच्या संस्थानानं त्या दिवसांत अन्न पुरवलं, खोल्या दिल्या, ते सगळ्या वऱ्हाडानं पाहिलं. लहान चर्चचं गणित निराळं असतं. रविवारी उपासनेच्या वेळी थैली फिरते. त्यात दहा-वीस-पन्नासाच्या नोटा पडतात. कुणी महिन्याचा दशांश पाकिटात घालून देतं. कुणी निवृत्त मास्तर, कुणी नर्स, कुणी ड्रायव्हर, कुणी रोजमजुरीवाला. एवढ्यातून पाळकाचा पगार, विजेचं बिल आणि गळक्या छताची डागडुजी भागवायची. रविवार बंद झाला की थैली बंद. थैली बंद झाली की पाळकाची चूल मंदावते. दूध संकलन बंद पडल्यावर दोन म्हशीवाल्याची जी गत होते, तीच.

मग उपासना फोनवर आली. तरुण पोरांनी पाळकाला मोबाईलसमोर बसायला शिकवलं, आणि ते चांगलंच झालं. पण ज्या म्हातारीकडे बटणाचा फोन, तिच्या घरी रविवार आलाच नाही. सांगायचं ते हे, की अडचण ‘उपासना कशी चालवायची’ एवढीच असती तर ती फोननं सोडवली होती. खरी अडचण दाराला कुलूप लागल्यावर कळली. मराठीत ख्रिस्ती लोक चर्चला दोन नावांनी ओळखतात. इमारतीला ‘चर्च’ किंवा ‘देऊळ’ आणि माणसांना ‘मंडळी’. शब्द फार जुना आणि नेमका आहे. इमारत बंद झाली तेव्हा मंडळी कुठं गेली, हा प्रश्न होता. त्याच वेळी आपल्या हायवेवरून मुंबई-सुरतेकडची माणसं डोक्यावर बोचकी घेऊन अकोला, मूर्तिजापूर, अमरावती करत छत्तीसगड-ओडिशाकडे पायी चालली होती. गावागावांतल्या लोकांनी त्यांना भाकरी, पाणी, चपला दिल्या. त्या देणाऱ्यांत सगळ्या जाती-धर्मांचे लोक होते.

या प्रश्नाला उत्तर शोधायचं तर सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं. आपल्या मंडळीची मुळं तिथं आहेत.

१८८० च्या दशकात अकोल्यात फुलर नावाचं अमेरिकन दांपत्य येऊन राहिलं. पुढं त्यांचं काम ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या मिशनचा भाग झालं. म्हणूनच जुनी माणसं अजून ‘अलायन्स मिशन’ म्हणतात. त्या काळची मिशनऱ्यांची ठरलेली रीत अशी, की हिवाळा लागला की बंडीवर तंबू टाकायचा आणि गावोगाव हिंडून बाजारात, चावडीपुढं उभं राहून उपदेश करायचा. लोक ऐकायचे, हसायचे, काही वाद घालायचे आणि घरी जायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. ऐकणारे पुष्कळ आणि येणारे थोडे, असा प्रकार होता. इकडच्या बायकांचे हाल पाहून जेनी फुलर यांनी त्यावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं, ते १९०० साली निघालं.

मग दुष्काळ पडले. १८९६-९७ चा एक आणि १८९९-१९०० चा दुसरा. दुसरा तो छप्पन्नचा, विक्रम संवत १९५६ मधला, म्हणून लोक त्याला ‘छप्पन्या’ म्हणायचे. वऱ्हाडची काळी जमीन तशी दुष्काळाला सहजी दाद देत नाही असा समज होता; कापूस पिकवणारा हा मुलूख खाऊनपिऊन सुखी मानला जाई. छप्पन्यानं तो समज मोडला. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत वाढायची ती दीड लाखानं कमी झाली. खडी फोडण्याच्या सरकारी कामांवर माणसं गेली, त्यांच्यातच पटकी शिरली. रस्त्याच्या कडेला आईबाप नसलेली लेकरं उरली.

तंबू घेऊन हिंडणाऱ्या मिशनऱ्यांपुढं आता उपदेशाचा प्रश्नच उरला नाही. पोरांना खायला घालायचं होतं. मुलांसाठी अकोल्यात आणि मुलींसाठी खामगावात अनाथालयं उभी राहिली. ज्यांनी व्याख्यानांची तयारी करून समुद्र ओलांडला, त्यांना ज्वारीची पोती मोजावी लागली, खरूज धुवावी लागली, लेकरांना वाचायला आणि हाताला काम शिकवावं लागलं. मिशनचं वेळापत्रक दुष्काळानं नव्यानं लिहून दिलं, असं म्हटलं तरी चालेल. वऱ्हाडातल्या बऱ्याच जुन्या ख्रिस्ती घरांची वंशावळ त्या अनाथालयाच्या पटापाशी जाऊन थांबते. त्यामागं कुणाचं गाव, कुणाचं घर, हे विचारायला कुणी जिवंतच नव्हतं.

अशीच गोष्ट त्याच काळात पंडिता रमाबाईंची झाली, आणि ती आपल्या शेजारच्या मुलखाशी जोडलेली आहे. रमाबाईंचं ‘शारदा सदन’ मुळात विधवांच्या शिक्षणासाठी, १८८९ मध्ये मुंबईत निघालं आणि पुढं पुण्याला गेलं. मोजक्या मुली, पुस्तकं, शहरातलं घर. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि तिथून उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. तोवर पुण्यात प्लेग पसरला होता, सरकारनं जास्त माणसं शहरात ठेवायला मनाई केली. इकडे दुष्काळ, तिकडे प्लेग. बाईंनी केडगावला शेतजमीन घेऊन ठेवली होती, संस्थेला फळबागेचं उत्पन्न व्हावं म्हणून. त्या मुलींना त्यांनी त्याच वावरात नेलं. तिथून ‘मुक्ती’ उभी राहिली. ठरवलं होतं उत्पन्नाचं शेत आणि झालं माणसांचं गाव. कास्तकाराला हे लवकर समजेल. पेरलं एक, पावसानं दडी मारली, मोडून दुसरं पेरावं लागलं.

इथं एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. दुष्काळातल्या या मदतीबद्दल तेव्हाही कुरकुर होती आणि आजही आहे. पोटाला भाकर देऊन धर्म दिला, असं लोक म्हणत. उपाशी लेकराला जेवू घालणं हे पुण्य आहे यात वाद नाही. पण ज्याला दुसरा आसराच नाही त्याची ‘पसंती’ कितपत खरी मानायची, हा प्रश्नही खोटा नाही. दोन्ही गोष्टी एकाच अनाथालयात एकत्र नांदत होत्या. हा हिशेब पुढच्या पिढ्यांच्या खात्यावर आला, आणि आजच्या पाळकाला गावात मदत घेऊन जाताना त्याचं व्याज भरावं लागतं.

तिकडे मेळघाटच्या पायथ्याशी वेगळं मिशन होतं, कोरकूंसाठीचं. त्यातल्या जॉन ड्रेक या पाद्र्यानं कोरकू भाषेचं व्याकरण लिहिलं, ते १९०३ मध्ये कलकत्त्याला छापलं गेलं. ज्यांना आपलं म्हणणं सांगायचं त्यांची बोली आधी शिकावी लागते, एवढं त्या माणसाला कळलं होतं. मेळघाटात बदलून जाणाऱ्या आमच्या कित्येक कर्मचाऱ्यांना हे अजून कळायचं आहे, पण तो विषय निराळा.

पुढं १९१८ चा इन्फ्लुएंझा आला. देशात सर्वांत जास्त मार खाणाऱ्या प्रांतांत मध्यप्रांत-वऱ्हाड होता. त्याच्या एक वर्ष आधी, १९१७ मध्ये, साताऱ्याला रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही त्यात बसावेत अशी त्यांची कल्पना होती. मिशनचं आवार आणि परदेशी पगार यांच्या बाहेर मंडळी उभी राहील का, हे त्यांना पाहायचं होतं. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते वारले. दरबार फार वाढला नाही, पण त्यांनी विचारलेला प्रश्न आपल्या भागात चाळीस वर्षांनी आला.

तो असा आला. १९५४ साली वऱ्हाड मध्यप्रदेशात होता. त्या सरकारनं निवृत्त मुख्य न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. १९५६ मध्ये अहवाल आला. धर्मांतर हेच ज्यांचं मुख्य काम त्या परदेशी मिशनऱ्यांनी परत जावं, दवाखान्याचा उपयोग धर्मांतरासाठी होऊ नये, अशा त्याच्या शिफारशी होत्या. अहवालाबद्दल त्या वेळी पुष्कळ वाद झाला, तो इथं उगाळत नाही. पण नंतरच्या वर्षांत गोरे साहेब-मेमसाहेब कमी होत गेले आणि मिशनची गादी स्थानिक मंडळीकडे आली. हातात काय आलं? आवारं, बंगले, शाळा, नझूलचे पट्टे, फायली. पैसा मात्र पूर्वीसारखा आला नाही. पाळक घडवणारी यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली. तरुण मंडळी नोकरीला नागपूर, पुणे, मुंबईकडे गेली. मागं राहिलेल्यांच्या पुढं एकच काम उरलं. आवार सांभाळणं.

आवार सांभाळणं हे वाईट काम नाही. पण ते एकटंच काम उरलं की संस्थेला गंज चढतो. पंच कमिटीच्या बैठकीत कुंपणाचा वाद, भाडेकरूचा वाद, धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट कुणाच्या नावानं जायचा याचा वाद. एका गावी अशी बैठक मी स्वतः बाजूला बसून पाहिली आहे. तीन तास चालली, त्यात येशूचं नाव सुरुवातीच्या आणि शेवटच्या प्रार्थनेत आलं. गाव आणि मंडळी सांगत नाही, कारण आमच्या सहकारी सोसायटीची वार्षिक सभा काही फार वेगळी नसते. मिशनचा पत्ता झाला तो या काळात.

आता परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याची गोष्ट. मला वाटतं, सगळ्या वऱ्हाडात काम नव्यानं ठरवण्याचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.

कोठाऱ्याचा कुष्ठरोग दवाखाना शंभराहून अधिक वर्षांचा आहे. कोरकू मिशननं तो काढला आणि आज तो ‘लेप्रसी मिशन ट्रस्ट इंडिया’ चालवतो. या लेप्रसी मिशनची सुरुवात १८७४ मध्ये वेल्स्ली बेली या आयरिश माणसानं केली होती. जुन्या काळी कुष्ठरोग म्हणजे घरातून उठणं. औषध नव्हतं. माणूस एकदा त्या फाटकाच्या आत आला की तिथंच राहायचा, तिथंच मरायचा. आतच शेती, आतच प्रार्थना, आतच स्मशान, असा त्या काळच्या आश्रमांचा रिवाज होता. हे काम काही एकट्या ख्रिस्ती लोकांनीच केलं असं नाही. आपल्या अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभं केलं, ते तुम्हाला सांगायला नको.

मग डॅप्सोनच्या गोळ्या आल्या, आणि १९८२ पासून बहुविध औषधोपचार आला. दोन-तीन औषधं एकत्र, साध्या प्रकारात सहा महिने आणि जास्त जंतू असलेल्या प्रकारात बारा महिने. घरी राहून घ्यायची, फुकट मिळतात, आणि औषध सुरू झालं की रोग दुसऱ्याला लागण्याचा धोका लवकरच संपतो. सरकारी आरोग्य केंद्रातून गोळ्यांची पानं वाटली जाऊ लागली. डिसेंबर २००५ पर्यंत देशपातळीवर दर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, एवढी मजल आपण मारली.

आता तुम्ही कोठाऱ्याच्या जागी बसून विचार करा. ज्या रोगासाठी संस्था निघाली तो कमी होणं हेच तिचं यश. आणि तोच तिच्यापुढचा पेच. फाटकाच्या आत आयुष्यभर राहणारा रुग्ण आता येणार नाही. मग इमारतींचं काय, डॉक्टरांचं काय, देणगी देणाऱ्यांना काय सांगायचं? अशा वेळी पुष्कळ संस्था जुनं काम ओढूनताणून चालू ठेवतात. विहीर आटली तरी मोट चालूच. कोठाऱ्यानं तसं केलं नाही. कुष्ठरुग्णांचं काम चालू ठेवून फाटक इतर रुग्णांसाठीही उघडलं. आज ते ‘कम्युनिटी हॉस्पिटल’ म्हणून ओळखलं जातं. कुष्ठरोगानं वाकडी झालेली बोटं सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया, बधिर पायाच्या जखमा, आणि त्याच आवारात साध्यासुध्या दुखण्यांचे आसपासचे लोक. ज्या फाटकाला वळसा घालून लोक जात, त्याच फाटकातून आत जाऊन नंबर लावायचा. कुष्ठरोग्याला समाजात परत न्यायचं असं व्यासपीठावरून म्हणतात. इथं समाजच त्याच्या आवारात आला.

कायद्याला इथवर यायला आणखी वेळ लागला. १८९८ चा जुना लेपर्स कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. आणि जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्यावर घटस्फोट मागता येण्याची तरतूद २०१९ पर्यंत शाबूत होती, हिंदू विवाह कायद्यात तशीच ख्रिस्ती लोकांच्या १८६९ च्या कायद्यातही. म्हणजे ज्या मंडळीनं दवाखाना चालवला, तिलाच लागू असलेल्या कायद्यात ही अट बसून होती. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर आशाताईला दाखवा, हे जाताजाता सांगून ठेवतो. रोग संपलेला नाही.

हे सगळं डोळ्यांपुढं ठेवून आता २०२० च्या कुलपाकडे परत या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. पैसा फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात यायचा, एका संस्थेनं तो दुसरीला द्यायचा नाही, आणि प्रशासनाचा खर्च ५० ऐवजी २० टक्क्यांच्या आत ठेवायचा. मोठ्या संस्थेकडून लहानीला झिरपत येणारं पाणी थांबलं. थैली बंद, झरा बंद, दार बंद. लहान मंडळीनं काय करावं?

रोगराईत काय करावं हा प्रश्न ख्रिस्ती लोकांना काही पहिल्यांदा पडला नव्हता. १५२७ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा मार्टिन ल्यूथर गाव सोडून गेला नाही. प्लेगमध्ये पळावं की राहावं, असं एकानं पत्रानं विचारलं, तर त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं: औषध घ्या, घर धुरी देऊन शुद्ध करा, जिथं तुमचं काम नाही तिथं जाऊ नका, पण शेजाऱ्याला तुमची गरज असेल तर पाऊल मागं घेऊ नका. पाचशे वर्षांपूर्वीचा सल्ला, पण आपल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यालाही मान्य व्हावा असा.

तर आजच्या वऱ्हाडात शेजाऱ्याची गरज काय? ज्वारीचं पोतं ही पहिली गरज राहिली नाही, रेशनवर धान्य मिळतं. आज गरज आहे ती कागदाची. कोरोनानं घरचा माणूस गेला त्या घराला ५० हजार रुपये मिळायचे होते, पण ऑनलाइन अर्ज करून. विधवा आणि अनाथ लेकरांसाठी राज्यानं ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मिशन वात्सल्य’ काढलं, त्यालाही दाखले. पी.एम. किसानची केवायसी, पिकाची मोबाईलवरची नोंद, विम्याची तक्रार. नवरा गेलेल्या बाईला हे सगळं कोण करून देणार? मंडळीत वीस घरं असली तरी त्यात एक तरी निवृत्त मास्तर असतो, एक नर्स असते, एक कॉलेजचं पोरगं असतं. आठवड्यातले दोन तास चर्चचं दार यासाठी उघडं ठेवलं, येईल त्याचा अर्ज भरून दिला, जात-धर्म विचारला नाही, पैसे घेतले नाहीत, तर त्यासाठी ना परदेशी देणगी लागते ना दिल्लीचं खातं.

दुसरी गरज बोलायला अवघड आहे. वऱ्हाडच्या कास्तकारांच्या आत्महत्या १९९७-९८ पासून गाजत आल्या. २००६ मध्ये पंतप्रधान येऊन विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज देऊन गेले, त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही होते. पॅकेज आलं, गेलं. ज्या घरात असं घडतं तिथं पहिले तेरा दिवस गाव येतं, पुढारी येतात, आणि मग कुणी येत नाही. चौदाव्या दिवसापासून पुढं त्या घरी जाऊन बसणं हे पाळकाला येतं. त्याचं ते शिक्षणच आहे. दुःखात असलेल्या घरी जाणं, ऐकून घेणं, पुन्हा पुढच्या आठवड्यात जाणं. आजवर हे तो आपल्या वीस घरांपुरतं करत आला. एकविसाव्या घराचं दार त्यानं वाजवलं, तर ते घर ख्रिस्ती नसणारच.

आणि इथंच ते जुनं व्याज आडवं येतं. पाळक परक्या घरी गेला की गाव विचारणार, “काहून आला गा हा?” त्यावर माझ्या मते एकच उपाय आहे. मदत आणि उपदेश यांची गाठ सोडायची. जिथं अर्ज भरायला बसलो तिथं पत्रकं ठेवायची नाहीत. शक्यतो पोलिस पाटील किंवा आशाताईला बरोबर घेऊन जायचं. चर्चच्या फळ्यावर जमाखर्च लिहायचा, म्हणजे आत काय आलं आणि गेलं ते कुणीही वाचावं. काही पाळकांना हे पटणार नाही. सुवार्ता सांगणं हेच आमचं काम, असं ते म्हणतील, आणि त्यांच्या श्रद्धेनं ते खरंच आहे. पण छप्पन्यात ज्यांनी तंबू गुंडाळून ज्वारी मोजली, त्यांनाही त्या दिवशी हेच सोडावं लागलं होतं.

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींनाही एक सांगणं आहे. कोरोनात गावोगाव समित्या झाल्या, त्यांत किती ठिकाणी लहान चर्चच्या पाळकाला किंवा विहारातल्या कार्यकर्त्याला बोलावलं होतं, ते एकदा आठवून पाहा. मिशनच्या आवारात हॉल असतो, संडास असतो, बहुतेक वेळा पाणीही असतं. पूर आला, आग लागली, तर पन्नास माणसं एक रात्र तिथं सहज निघतात. गावच्या आपत्तीच्या यादीत शाळा आणि समाजमंदिर असतं, हेही लिहून घ्यायला हरकत नाही.

कापूस घरात येऊ लागला की पुष्कळ मंडळ्यांत हंगामाचा सण होतो. लोक चर्चमध्ये ज्वारीच्या पायल्या, तुरीच्या शेंगा, भोपळे, कोंबड्या, कुणी घरचा शेव-चिवडा घेऊन येतात. उपासना झाली की त्या सगळ्याचा तिथंच लिलाव होतो. वीस रुपयांचा भोपळा दोनशेला जातो, आणि घेणारा तो पुन्हा लिलावाला ठेवतो. हसत-खेळत दुपारपर्यंत पैसे जमतात. आजवर ते बहुतेक वेळा छताच्या पत्र्याला आणि रंगरंगोटीला गेले. यंदाच्या लिलावाचे पैसे कशाला द्यायचे, हे सण येण्याआधी पंच कमिटीच्या बैठकीत निघेल. छत तर यंदाही गळतंच आहे.